सुनेच्या नावाचा श्वास

देशातलं सगळ्यात घट्ट जोडपं शोधून काढ, असं आमच्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्याने ते शोधलं. घरोघरच्या राष्ट्रीय पाहणीचं काम ऐन भरात असताना त्याने एक घर बाजूला काढलं, त्यावर लाल खूण केली आणि पुण्यात माझ्या पडद्यावर पाठवून दिलं. गाव धावलखोरे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. जोडप्यातली दोन नावं अशी: शेवंताबाई सकपाळ, वय ऐंशी, आणि वनिता सकपाळ, वय बावन्न. आपसातलं नातं सासू-सुनेचं.

कार्यालयात दिवसभर हशा पिकला. "सबनीस मॅडम, अक्षता कधी आहेत?" असं विचारण्यापर्यंत सगळ्यांची मजल गेली. मला काही हसू येईना. ते यंत्र आम्ही बाराजणांनी मिळून बनवलं होतं, पण काही बिघडलं की ते माझं एकटीचं होत असे.

वैवाहिक स्थिती हा पाहणीतला दिसायला सगळ्यात सोपा रकाना. अविवाहित, विवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित, परित्यक्ता. उत्तर एका शब्दात. पण मागच्या दोन पाहण्यांत देशातल्या विवाहित बायका विवाहित पुरुषांपेक्षा लाखोंनी जास्त भरल्या. एवढे नवरे गेले कुठे? कुठेच गेले नव्हते. एका गावात बायको स्वतःला विवाहित म्हणत होती आणि दुसऱ्या शहरात तिचाच नवरा अविवाहित म्हणून सांगत होता, नाहीतर दुसऱ्याच बाईचा नवरा म्हणून नोंद करून मोकळा होत होता. शेवटी सरकारने ठरवलं, की आता नुसत्या तोंडी उत्तरावर भागायचं नाही.

नेमका तेव्हाच आमचा शोध हाती आला होता. माणूस कधी एकटा नसतो. त्याच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर जंतूंची वस्ती असते आणि एका छपराखाली राहणाऱ्या माणसांच्या वस्त्या एकमेकांत मिसळत जातात. एवढं जुनंच माहीत होतं. नवं होतं ते पुढचं. आपल्या शरीरातल्या राखणदार पेशी दुसऱ्याकडून आलेल्या जंतूंना आधी हटकतात, मग ओळखू लागतात आणि शेवटी घरचं समजून सोडून देतात. ही ओळख त्या विसरत नाहीत. लहानपणी कुणाच्या कुशीत होतो, तरुणपणी कुणाबरोबर जेवलो, कुणाच्या आजारपणात शेजारी बसलो, याचे थर शरीरात एकावर एक साचत जातात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. या पेशी अगदी सूक्ष्म वायू सोडतात आणि ते श्वासात उतरतात. कागदी नळीत फुंकर मारली, की डब्याच्या झाकणाएवढं आमचं यंत्र ते थर वाचतं आणि दोन माणसांचे थर कुठे नि किती जुळतात ते दाखवतं. त्या जुळणीला आम्ही सहवासरेषा म्हणतो.

प्रेम आहे की नाही, ते यंत्राला कळत नाही. कोण कुणाबरोबर जगलं, एवढंच कळतं. पण तेवढंही कमी नाही. प्रयोगशाळेत पहिल्यांदा रेषा उमटल्या तेव्हा माझ्या श्वासाचा सगळ्यात खालचा थर नागपूरच्या मावशीशी जुळला होता. मी तान्ही असताना तिने मला सांभाळलं होतं आणि मला तिचा तेव्हाचा चेहराही आठवत नाही. माझ्या शरीराला मात्र ती आठवत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी भारावून गेले होते.

तर धावलखोऱ्याच्या या दोघींची रेषा जुळत होती ती वरपासून खालपर्यंत, कुठेही न तुटता. एवढी रेषा संसारात मुरलेल्या जोडप्यांची नसते, जुळ्या भावंडांचीही नसते. यंत्र बिघडलं असेल तर गोळा केलेले सगळे श्वास फुकट जाणार होते. मी बॅग भरली आणि निघाले.

बामणोलीच्या धक्क्यावर अंजना शेलार लाँच थांबवून उभी होती. ती धावलखोऱ्याची आशाताई. गावच्या पाहणीचं कामही तिच्याकडेच होतं.

"मॅडम, यंत्रानं सासू-सुनेचं लगीन लावलं म्हणं?" लाँच सुटल्या सुटल्या तिने विचारलं. "आवो, त्या दोघी दिसभर भांडत्यात. पलीकडच्या काठाला ऐकू जातं."

"आणि वनिताबाईंचा नवरा?"

"भरत? त्यो वापीला. लगीन झाल्यावर वरीसभर ऱ्हायला, मंग गेला तो गेलाच. तिकडं दुसरी केलीय, पोरं हायती. समद्या गावाला ठावं हाय. शेवंताआजीम्होरं कोन बोलत न्हाय."

तेवढं पाहणीलाही कळलं होतं. वापीच्या नोंदीत भरत सकपाळ हा तिथल्या एका बाईचा नवरा होता आणि दोघांची रेषाही तसंच सांगत होती. म्हणजे इथे वनितासमोर 'विवाहित' लिहिता येणार नव्हतं. मी तसं अंजनाला म्हटलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मंग म्हातारीला नेत्याल."

मला माहीत होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात म्हणून सरकारने नवा नियम केला होता. ज्या घरात वृद्धाचं रक्ताचं किंवा लग्नाचं कुणी नाही, तिथल्या वृद्धाला तालुक्याच्या आधारगृहात न्यायचं; जावळीचं ते मेढ्याला होतं. नियम चांगल्या मनाने केलेला होता. पण वनिताचं लग्न कागदावर संपलं, की ती सून उरत नव्हती आणि शेवंताबाई त्या घरात एकट्या ठरत होत्या. माझ्या एका शब्दावर त्यांचं घर सुटणार होतं.

घर पाण्याच्या वरच्या अंगाला होतं. पत्र्याचं, सारवलेल्या अंगणाचं, बाजूला शेरडांचा गोठा. शेवंताबाई अंगणात नाचणी पाखडत बसल्या होत्या. सून उंबऱ्यात उभी होती. मी वनिताकडे बघून नाव विचारलं.

"वनिता भरत सकपाळ," शेवंताबाई म्हणाल्या.

"वय?"

"बावन," शेवंताबाईच.

"लग्न झालंय?"

"न झाल्यावानी दिसती का? नवरा वापीला असतो. दिवाळीला येनार हाय."

"कुठल्या दिवाळीला, ते बी इचारा," उंबऱ्यातून आवाज आला.

"तुला कुनी इचारलं ग?"

"मलाच इचारत्यात की. तुमी मदी बोलताय."

अंजनाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी यंत्र उघडलं आणि जुन्या रेषा परत चाळू लागले. आत्तापर्यंत मी या दोघींचीच जुळणी बघत होते. आता सहज म्हणून वनिताच्या श्वासाशेजारी वापीच्या भरतचा श्वास ठेवला. लग्नाच्या एका वर्षापलीकडे काही जुळू नये अशी माझी अपेक्षा होती. पण जुळलं. अगदी तळाशी, भरतच्या तान्हेपणाच्या थरापासून पुढे त्याच्या तरुणपणापर्यंत.

मी चष्मा पुसून परत बघितलं. बायको नवऱ्याच्या आयुष्यात लग्नानंतर येते. त्याच्या पाळण्यापर्यंत तिची रेषा पोचेल कशी? तिथे एकच बाई असू शकते.

"आजी, ही रेषा भरतच्या तान्हेपणाशी जुळतेय," मी म्हटलं. "अंजना यंत्र घेऊन आली होती, तेव्हा वनिताताईंच्या नावाने नळीत कुणी फुंकलं?"

"म्याच," शेवंताबाई सूप न थांबवता म्हणाल्या.

अंजनाने जीभ चावली. "मी रेंज बघाया वर टेकाडावर गेलते, मॅडम. आजीला म्हनलं, दोगीबी फुका."

"फुकलं की दोन डाव. ती शेरडं घिऊन गेली हुती. घरात वडीलधारं मानूस असताना तिचं काय आडलंय? आजपातूर सरकारची जेवढी मानसं आली, त्यास्नी समद्यांचा जाब म्याच दिलाय."

मला इतका आनंद झाला, की मी त्या म्हातारीला मिठीच मारणार होते. यंत्र बिघडलं नव्हतं. एकच बाई दोनदा फुंकून गेली तर रेषा कुठेही तुटणार नाही, हे उघडच होतं. मी तिथूनच पुण्याला फोन लावून सांगून टाकणार होते, की हशा आवरा आणि कामाला लागा. पण नोंद पुरी करायला वनिताचा स्वतःचा श्वास हवा होता. मी नवी नळी लावली.

वनिताने पदराने तोंड पुसलं, डोळे मिटले आणि लांब फुंकर मारली.

थर एकेक करून वर येऊ लागले. तळाचे थर वेगळेच होते, तिच्या माहेरचे. तिथे शेवंताबाईंचा मागमूस नव्हता. मग लग्नाचं वर्ष आलं. भरतची एक केसाएवढी रेघ उमटली आणि विझली. आणि तिथून दोन्ही रेषा एकमेकींकडे सरकायला लागल्या. थोड्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, चिकटल्या. त्यानंतर पार आजपर्यंत मला दोन रेषा वेगळ्या करून दाखवता येईनात. आकडा आला. म्हातारीच्या लबाडीने आला होता त्याहून कमी, पण देशातल्या कुठल्याही नवरा-बायकोपेक्षा जास्त.

ज्या चुकीवर मी एवढी खूश झाले होते, ती चूक जवळजवळ खरंच बोलली होती. कुठल्या खोऱ्यातल्या दोन बायका, रक्ताचा संबंध नाही, एकीला दुसरीचं तोंड बघवत नाही असं गाव म्हणतंय, आणि त्यांची शरीरं तीस वर्षं गुपचूप एकमेकींना घोकत बसली होती. एवढं मोठं काही माझ्या हातून मोजलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काय निगालं?" वनिताने विचारलं.

मी पडदा दोघींकडे वळवला आणि जमेल तसं समजावून सांगितलं. वनिता वाकून त्या रेषा बघू लागली.

"म्हंजी ह्या आत्याबाई माझ्यात हायती?"

"हो. आणि तुम्ही त्यांच्यात."

"तरीच माझं तोंड एवढं सुटलंय," ती म्हणाली. शेवंताबाईंनी सूप आपटलं, पण त्यांचंही लक्ष पडद्यावरून हलत नव्हतं.

दोन्ही रेषांवर एक ठळक गाठ होती. अशी गाठ मोठ्या आजाराची असते. मी विचारलं, "या सुमाराला दोघींपैकी कुणाला क्षय झाला होता?"

"मला," वनिता म्हणाली. "लग्नाला तीन-चार वर्सं झालती. मान्सं म्हनाली, हिला माहेरी घाला. आत्याबाईंनी घातली न्हाय. पन माझं ताट येगळं केलं. कोपऱ्यात बसवून वाढायच्या. त्ये मला लय लागलं, बाई. अजून लागतं."

"डाक्टरनं सांगितलं हुतं," शेवंताबाई पुटपुटल्या.

"पण आजी, गाठ तुमच्याही रेषेवर आहे. रोग तुमच्या अंगात शिरला होता. तुम्हाला झाला नाही, शरीराने थोपवला, एवढंच."

शेवंताबाई गडबडल्या. "त्ये... हिचं उष्टं खाल्लं आसंल. दोन घास खाऊन ताट सारायची. आन्न टाकायचं कसं?"

"क्षय ताटातून येत नाही, आजी," मी म्हटलं. "श्वासातून येतो. तोंडाशी तोंड असल्यासारखं, कितीतरी दिवस जवळ राहावं लागतं."

गोठ्यात एक शेरडू ओरडलं. वनिता सासूकडे वळली.

"आत्याबाई, तवा माझ्या उशाशी कोन असायचं? मला तापात कळत नव्हतं. मला वाटायचं, माझी आई आलीय."

"तुज्या आईला कुठला येळ?" शेवंताबाई रागावून म्हणाल्या. "पाच लेकरांची ती. मंग कुनी बसायचं? म्याच बसले. सांगायचं काय त्यात?"

वनिताने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. अंजना उगाचच शेरडांना पाला घालायला गेली. मलाही जाऊन उभं राहायला जागा हवी होती, पण माझ्या मांडीवर यंत्र होतं आणि यंत्रावर तो रकाना अजून रिकामा होता.

"वनिताताई," थोड्या वेळाने मी म्हटलं, "वैवाहिक स्थितीत काय लिहू? उत्तर तुमचंच हवं."

शेवंताबाईंनी तोंड उघडलं.

"आत्याबाई, ह्या येळंला मी सांगते," वनिता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लगीन ऱ्हायलं न्हाय म्हनलं, तर ह्यास्नी मेढ्याला न्येनार. हाय म्हनलं, तर मी त्याची बायको. त्यानं मला कवाच सोडलं. ह्यो नियम आल्यापास्नं मी निसती म्हातारीपायी त्याच्या नावानं कुकू लावती. मला आता त्येचं नाव नको झालंय, बाई. पन ही म्हातारी बी सोडवत न्हाय. तुमीच सांगा, काय लिव्हायचं?"

"लिव्हा, सुटली म्हून," शेवंताबाई अचानक म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "मी जाते मेढ्याला. तिथं टीवी हाय म्हनं."

"टीवी बघून जगनार हाय व्हय? भांडायला कोन हाय तिथं?"

मी हात वर करून दोघींना थांबवलं. एक वाट होती आणि ती या यंत्रानेच उघडली होती. खेड्यापाड्यांत कागदपत्रं नसलेली कितीतरी म्हातारी जोडपी आहेत. त्यांच्यासाठी नियमात एक कलम घातलेलं होतं. दोन माणसांची सहवासरेषा ठरलेल्या आकड्याच्या वर गेली, तर ती एकमेकांची सहवासी ठरतात. लग्नाचा पुरावा लागत नाही, नातं लागत नाही. सहवासी असेल तर वृद्धाला घरातून हलवता येत नाही. नियम लिहिताना सासू-सुनेचा विचार कुणी केला नव्हता हे खरं, पण त्यांना वगळलंही नव्हतं.

"म्हणजे वनिताताई, भरतची बायको न राहतासुद्धा तुम्ही दोघी एका घरात राहू शकता. फक्त दोघींनी आपापल्या तोंडाने, आपल्या मर्जीने हो म्हणायला हवं. आणि उद्या जमलं नाही, तर कुणालाही नोंद मोडता येते."

वनिता विचारात पडली. शेवंताबाई नाचणीत बोटं फिरवत राहिल्या. त्यांनी मान वर केली नाही. सून आता कुणाचीच बांधील नव्हती, हे त्या म्हातारीला माझ्याआधी कळलं होतं. बावन्न वर्षांची धडधाकट बाई, आणि अंजनाने लाँचवर सांगितल्याप्रमाणे कराडला भाऊ, हातात शिवणकाम. ती नाही म्हणाली असती, तर तिला कुणी नावं ठेवली नसती.

"कराडला भावाकडं जाईन," वनिता म्हणाली. "वरसातनं म्हैनाभर. न इचारता."

"जा की," शेवंताबाई खाली बघतच म्हणाल्या. "कोन धरतंय."

"आन माझं नाव मी सांगनार. वय बी. कुनीबी आलं तरी."

"सांग."

"मंग व्हय म्हना आता. बाई खोळंबल्यात."

"व्हय," शेवंताबाई म्हणाल्या. वनिताही हो म्हणाली. यंत्राने दोन्ही आवाज घेतले आणि हिरवी खूण दाखवली.

मी वनितासमोरच्या रकान्यात 'परित्यक्ता' असं भरून मोठ्याने वाचून दाखवलं. शेवंताबाईंनी त्याचा अर्थ विचारला. टाकलेली, असं अंजनाने गोठ्यातून सांगितलं.

"टाकलेली?" म्हातारी कडाडली. "त्यानं टाकली आसंल. म्या न्हाय टाकली! माज्या घरात ऱ्हाती, माज्यासंगट जेवती, आन टाकलेली कशी?"

त्यांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. माझ्या एवढ्या शहाण्या यंत्रालाही तो ठाऊक नव्हता. मी एवढंच म्हटलं, की हा रकाना नवऱ्यापुरता आहे, आजी. तुमचा रकाना खाली आहे, तिथे सहवासी लिहिलंय. ते मी दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा त्या शांत झाल्या.

"आन भरत?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याची नोंद वापीच्या घरात झालीय."

"मगाशी तुमी काय तरी बघितलं. माजं त्याच्यात कायतरी."

मी भरतची रेषा परत उघडली. तळाचे जाड थर त्यांना बोटाने दाखवले. इतकी वर्षं तो दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसांत राहिला, पण तान्हेपणापासून घर सोडेपर्यंतची त्याची आई जशीच्या तशी तिथे होती. शेवंताबाईंनी पडद्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं, जणू पोराची झोप मोडेल.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "हितलं त्याचं नाव काढा. घरातलं मानूस म्हून दर डावाला म्याच सांगत आले. न्हाय त्यो घरात. काढा."

मी खूण करायला बोट उचललं, तेवढ्यात वनिताने माझं मनगट धरलं.

"माझा नवरा म्हून काढा," ती म्हणाली. "ह्यांचा पोरगा म्हून ऱ्हाऊ द्या."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी आवाज आला नाही, मग एकदम मोठा आला. वनिता उठली, सूप बाजूला सारून म्हातारीला खेटून बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा आता," ती म्हणाली. "लय दिसांचं ऱ्हायलंय."